उलटी थांबते, जठर मात्र संथच: गॅस्ट्रोपॅरेसिसवरील विद्युत उपकरणांविषयी

सकाळी नाश्त्याला खाल्लेला पोह्यांचा घास संध्याकाळी उलटीतून जवळजवळ तसाच बाहेर पडतो, दोन घासांतच पोट गच्च वाटते, दिवसभर मळमळते आणि तरीही एंडोस्कोपीच्या अहवालात अडथळा, व्रण किंवा गाठ असे काहीच सापडत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांपैकी काहींना गॅस्ट्रोपॅरेसिस नावाचा विकार असतो. जठराच्या वाटेत कोणताही अडथळा नसताना अन्न पुढे सरकायला फार वेळ लागणे, असे त्याचे साधे वर्णन करता येईल. पथ्य आणि औषधे दोन्ही थकली की काही रुग्णांपुढे एक वेगळाच पर्याय ठेवला जातो: पोटाच्या कातडीखाली बसवलेले, जठराच्या स्नायूला विजेचे सूक्ष्म धक्के देणारे यंत्र. त्याला सर्रास ‘पोटाचा पेसमेकर’ म्हणतात आणि त्यामुळे रुग्णाची साहजिक समजूत अशी होते, की यंत्र बसवले की जठर पुन्हा वेळेवर रिकामे होऊ लागेल. तसे बहुधा घडत नाही. घडते ते दुसरेच, आणि ज्याला दिवसातून अनेकदा उलट्या होतात त्याच्या दृष्टीने ते दुसरेच अधिक मोलाचे असू शकते. परंतु हा फरक शस्त्रक्रियेआधी समजून घेतला नाही, तर चांगला गुण येऊनही रुग्णाची निराशा होते.

जठराला स्वतःची वीज असते. हृदयाप्रमाणे येथेही विशिष्ट पेशींमध्ये ठरावीक अंतराने विद्युत लहर उमटते. या पेशींना स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांच्या नावावरून काहाल पेशी म्हणतात; मज्जासंस्थेच्या सूक्ष्म रचनेवरील कामासाठी काहाल यांना १९०६ मध्ये कामिल्लो गॉल्जी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले होते. जठराच्या बाहेरच्या मोठ्या वळणावर, वरच्या भागात लहर सुरू होते आणि खालच्या तोंडाकडे सरकते. मिनिटाला साधारण तीन लहरी उमटतात. त्यांचा वेग इतका कमी असतो की जठराच्या मधल्या भागात एक लहर सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटरच पुढे जाते, म्हणजे पहिली लहर तळाशी पोहोचण्यापूर्वी तिच्या मागे दुसरी आणि तिसरी निघालेली असते. लहर आली म्हणजे स्नायू आकुंचन पावलाच, असे मात्र नाही. लहर फक्त आकुंचनाची वेळ आणि दिशा ठरवते. ते किती जोरात व्हायचे हे मज्जातंतू आणि संप्रेरके ठरवतात.

या लयीवर जठराचा खालचा भाग जात्यासारखा काम करतो: घन अन्न पुन्हा पुन्हा दळले जाते आणि त्याचे कण साधारण १ ते २ मिलिमीटरपेक्षा बारीक झाले की ते पायलोरस नावाच्या झडपेतून लहान आतड्यात सोडले जातात. वरचा भाग तोपर्यंत सैल पडून आलेले जेवण सामावून घेतो. या सैल पडण्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण दोन घासांत पोट गच्च होण्यामागे अनेकदा हीच क्षमता कमी झालेली असते. पुढे उपकरण कसे काम करते हे पाहताना हा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

बिघाडाची कारणे अनेक आहेत. जुना मधुमेह हे आपल्याकडे सर्वांत आधी डोळ्यांपुढे येणारे कारण. त्यात मेंदूपासून जठराकडे जाणारी व्हेगस मज्जा, म्हणजे मज्जातंतूंचा जुडगा, दुखावते, काहाल पेशींची संख्या घटते आणि साखर वाढलेली असताना जठर आणखी मंदावते. त्यातून एक चक्र तयार होते, कारण जेवण कधी आतड्यात उतरेल याचा भरवसा नसल्याने जेवणाआधी घेतलेल्या इन्सुलिनची वेळ चुकते, साखर आधी खाली येते आणि काही तासांनी एकदम वर जाते. पोटावरच्या शस्त्रक्रियेत व्हेगस मज्जेला इजा झाल्यास हाच विकार होतो. बऱ्याच रुग्णांमध्ये कारण सापडतच नाही. आणि औषधेही जठर मंदावतात: अफूवर्गीय वेदनाशामके तर मंदावतातच, पण मधुमेह आणि वजन यांसाठी हल्ली जी इंजेक्शने घेतली जातात, म्हणजे सेमाग्लुटाइड आणि त्याच्या कुळातील इतर औषधे, त्यांच्या कामाचा एक भागच जठर हळू रिकामे करणे हा आहे. असे औषध चालू असलेल्या माणसावर गॅस्ट्रोपॅरेसिसचा शिक्का मारण्याआधी ते औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवून पाहायला हवे.

निदानाची मुख्य तपासणी न्यूक्लिअर मेडिसीन विभागात होते. रुग्णाला सकाळी उपाशीपोटी बोलावतात आणि अल्प प्रमाणात किरणोत्सारी टेक्नेशिअम मिसळलेले हलके जेवण देतात. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार अंड्याचा पांढरा बलक, पावाचे दोन तुकडे, थोडा जॅम आणि पाणी. ते दहा मिनिटांच्या आत संपवायचे असते. त्यानंतर लगेच, एका तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी गॅमा कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे. दोन तासांनंतर ६० टक्क्यांहून अधिक किंवा चार तासांनंतर १० टक्क्यांहून अधिक अन्न जठरातच असेल, तर ते मंद ठरते. चार तास थांबण्याचा कंटाळा येतो, परंतु दोन तासांत आटोपलेल्या तपासणीत कित्येक रुग्ण निसटतात. आदल्या दिवसांत मळमळीची किंवा वेदनेची गोळी घेतलेली असेल, अथवा त्या सकाळी साखर फार चढलेली असेल, तर निकालावर विसंबता येत नाही. या तपासणीत मिळालेला आकडा आणि रुग्णाला होणारा त्रास यांचे नाते मात्र सैल असते. जठर अतिशय मंद असूनही फारसा त्रास नसलेले रुग्ण असतात, आणि जठर जवळजवळ वेळेवर रिकामे होत असताना उलट्यांनी हैराण झालेलेही असतात.

उपचारांची सुरुवात ताटापासून होते. थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा खाणे, स्निग्ध पदार्थ आणि चोथा कमी करणे, जमेल तितके मऊ किंवा पातळ घेणे. एरवी आरोग्यदायी म्हणून ज्यांची शिफारस होते ती मोड आलेली उसळ, कच्ची कोशिंबीर आणि सालासकट फळे येथे अडचणीची ठरतात, कारण चोथा दळायला जठराला सर्वांत कष्ट पडतात. उलट मऊ भात, मुगाची पेज, गाळलेले सार सहज उतरते. औषधांचे दालन फार मोठे नाही. मेटोक्लोप्रामाइड दीर्घकाळ घेतल्यास चेहऱ्याच्या आणि जिभेच्या अनैच्छिक हालचाली कायमच्या जडू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. डॉमपेरिडोन हृदयाच्या लयीवर परिणाम करू शकते. सिसाप्राइड त्याच कारणाने २००० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेले आणि भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक जठराला हलवते खरे, पण काही आठवड्यांत त्याचा प्रभाव ओसरतो. हे सगळे करून झाल्यावर, वजन उतरत असताना आणि सलाईनसाठी वारंवार भरती व्हावे लागत असताना, विजेचा विचार सुरू होतो.

ही कल्पना जुनी आहे. १९६३ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेनंतर आतडी थंडावलेल्या रुग्णांच्या नाकातून जठरात नळी घालून तिच्या टोकाच्या इलेक्ट्रोडने विजेचे धक्के दिले आणि त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या लेखकांमध्ये वॉल्टन लिलेहाय होते. हृदयशस्त्रक्रियेत नाव कमावलेल्या याच लिलेहाय यांच्या मागणीवरून अर्ल बाकेन यांनी १९५७ मध्ये बॅटरीवर चालणारा, अंगावर वागवता येणारा हृदयाचा पेसमेकर तयार केला होता, आणि बाकेन यांची कंपनी मेडट्रॉनिक हीच पुढे चार दशकांनी जठराचे उपकरण घेऊन बाजारात आली. जठराच्या बाबतीत मात्र हृदयाइतके सोपे यश मिळाले नाही. १९६३ च्या प्रयोगाचा लाभ नंतरच्या तुलनात्मक अभ्यासांत दिसला नाही.

अडचण ऊर्जेची होती. जठराची लय खरोखर आपल्या ताब्यात घ्यायची, तर नैसर्गिक लयीच्या आसपास, म्हणजे मिनिटाला तीन-चार, असे धक्के द्यावे लागतात आणि प्रत्येक धक्का सुमारे ३०० मिलिसेकंदांपर्यंत लांबवावा लागतो, कारण जठराचा स्नायू हृदयाच्या स्नायूसारखा क्षणिक स्पर्शाने प्रतिसाद देत नाही. अशा धक्क्यांनी लहर काबूत येते आणि काही लहान अभ्यासांत जठर लवकर रिकामे झाल्याचेही दिसले. पण इतकी ऊर्जा पुरवणारी आणि वर्षानुवर्षे टिकणारी बॅटरी शरीरात बसवणे व्यवहार्य ठरले नाही. म्हणून या प्रकारचे खरे जठर-पेसिंग संशोधनापुरतेच राहिले.

रुग्णांमध्ये प्रत्यक्षात बसवले जाते ते दुसऱ्या प्रकारचे यंत्र. त्याचे नाव एंटेरा. त्याचे नेहमीचे आरंभीचे मापन असे असते: प्रवाह ५ मिलिअँपिअर, प्रत्येक धक्क्याची लांबी ३३० मायक्रोसेकंद, वारंवारता १४ हर्ट्झ, ०.१ सेकंद चालू आणि ५ सेकंद बंद. याचा अर्थ दर पाच सेकंदांनी दोन धक्क्यांची एक जोडी, मिनिटाला सुमारे बारा जोड्या. लय ताब्यात घेण्यासाठी लागणाऱ्या धक्क्यापेक्षा हा धक्का जवळजवळ हजारपटींनी आखूड आहे. त्याने जठराची लहर बदलत नाही, स्नायू आकुंचन पावत नाही आणि रुग्णाला काही जाणवतही नाही. ऊर्जेचा खर्च इतका कमी, की बॅटरी अनेक वर्षे चालते.

शस्त्रक्रिया सहसा दुर्बिणीतून, पूर्ण भूल देऊन होते. पायलोरसपासून मोठ्या वळणाच्या बाजूने १० सेंटिमीटर वर मोजून जठराच्या स्नायूच्या थरात दोन लीड, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या बारीक तारा, ओवल्या जातात, एकमेकींपासून सुमारे १ सेंटिमीटर अंतरावर. सुई स्नायूत राहिली पाहिजे. आतल्या अस्तरातून आरपार जाता कामा नये, कारण तसे झाले तर जठरातले जंतू लीडच्या वाटेने यंत्रापर्यंत पोहोचतात. म्हणूनच शल्यचिकित्सक बाहेरून लीड ओवत असताना त्याच टेबलावर तोंडातून एंडोस्कोप घालून आतल्या अस्तरावर कुठे धातू चमकतो का, हे पाहिले जाते. लीडची दुसरी टोके पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून कातडीखालच्या खिशात ठेवलेल्या यंत्राला जोडतात. पुढची जुळवाजुळव बाहेरून, त्वचेवर प्रोग्रॅमर धरून होते.

स्नायू हलत नाही, लय बदलत नाही, मग उलटी कशी थांबते? पूर्ण उत्तर अजून हाती नाही, पण संशोधनाचा कल एका दिशेने आहे. व्हेगस मज्जेतील बहुसंख्य तंतू मेंदूकडून पोटाकडे जाणारे नसून पोटाची खबर मेंदूकडे नेणारे असतात. यंत्राचे आखूड धक्के या खबर नेणाऱ्या तंतूंना उद्दीपित करतात आणि मेंदूतील मळमळ-उलटीच्या केंद्रांपर्यंत जाणारा संदेश बदलतो, असे मानले जाते. दीर्घकाळ यंत्र वापरलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये थॅलॅमससारख्या भागांच्या कार्यात फरक दिसला आहे. दुसरा परिणाम जठराच्या वरच्या भागावर: तो अधिक सैल पडतो आणि जेवण सामावून घेतो. या दोन्ही गोष्टींना जठर रिकामे होण्याच्या वेगाशी फारसे देणेघेणे नाही, आणि त्यामुळेच यंत्र बसवल्यानंतर वर्षभराने केलेल्या स्कॅनमध्ये आकडा जवळपास तोच राहिला तरी रुग्ण जेवायला लागलेला असू शकतो.

हे कितपत सिद्ध झाले आहे, याची कथा गुंतागुंतीची आहे आणि रुग्णाने ती ऐकलीच पाहिजे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३३ रुग्णांना यंत्र बसवून एक महिना चालू आणि एक महिना बंद ठेवले. कोणत्या महिन्यात ते चालू आहे हे रुग्णालाही सांगितले नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. चालू महिन्यात उलट्या कमी झाल्या. २०१० मध्ये मधुमेही रुग्णांवरचा दुसरा अभ्यास आला. त्यात ५५ रुग्णांचे यंत्र आधी सहा आठवडे सर्वांमध्येच चालू ठेवले आणि तेवढ्यात आठवड्याच्या उलट्यांची संख्या ५७ टक्क्यांनी घटली. पण त्यानंतर तीन-तीन महिने चालू-बंद करून पाहिल्यावर दोन्ही अवस्थांत फरकच दिसला नाही. कारण न सापडलेल्या गॅस्ट्रोपॅरेसिसवरच्या २०१३ च्या अभ्यासातही असेच झाले.

या निकालाचे दोन अर्थ निघतात. संशयी वाचक म्हणेल की सुधारणा यंत्राची नव्हतीच: माणूस शस्त्रक्रियेला तयार होतो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेला पोहोचलेला त्रास पुढे थोडा उतरतोच, त्यात मोठा उपचार झाल्याचा मनावरचा परिणाम मिळवा. यंत्राची बाजू घेणारा म्हणेल की सहा आठवडे सलग चालवल्याचा परिणाम यंत्र बंद केल्यावरही रेंगाळला आणि त्यामुळे बंद काळातही रुग्ण बरे राहिले. केवळ त्या दोन अभ्यासांवरून निर्णय देणे कठीण होते. २०२० मध्ये फ्रान्समधील १७२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चार महिने चालू, चार महिने बंद. चालू काळात उलट्या निश्चितपणे कमी झाल्या, मधुमेह असलेल्यांत आणि नसलेल्यांतही, आणि विशेष म्हणजे जठर वेळेवर रिकामे होणाऱ्या रुग्णांमध्येसुद्धा. जठराचा वेग वाढला नाही. जीवनमानाच्या मोजपट्टीवर मात्र चालू आणि बंद काळांत ठळक फरक आला नाही, ही गोष्ट यंत्राची भलामण करणारे हळूच वगळतात. माझ्या मते या अभ्यासाने दोन्ही बाजूंचे थोडे थोडे बरोबर ठरवले: यंत्राचा परिणाम खरा आहे, पण तो उलटीपुरता आणि मर्यादित आहे.

अमेरिकेत एंटेराला ३१ मार्च २००० रोजी मिळालेली परवानगीही याच मर्यादेची साक्ष देते. ती नेहमीची मंजुरी नाही, तर विरळ विकारांसाठीची मानवतावादी सवलत आहे. त्या काळी ही सवलत वर्षाला ४,००० हून कमी अमेरिकी रुग्णांना लागू पडणाऱ्या उपकरणांसाठी होती. पुढे ही मर्यादा ८,००० झाली. या वाटेने येणाऱ्या उपकरणाला सुरक्षितता आणि संभाव्य लाभ दाखवावा लागतो, परिणामकारकता सिद्ध करावी लागत नाही, आणि ते वापरणाऱ्या रुग्णालयाच्या नैतिकता समितीची संमती लागते. परवानगी आहे ती औषधांना न जुमानणारी मळमळ आणि उलटी यांसाठी, तीही मधुमेहजन्य किंवा कारण न सापडलेल्या गॅस्ट्रोपॅरेसिसमध्ये. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१४ मध्ये हा उपचार नेहमीच्या देखरेखीखाली करण्यास मान्यता दिली, पण विशेष केंद्रांतच आणि रुग्णाला नीट समजावून.

कोणाला गुण येण्याची शक्यता अधिक, याचा अंदाज आता बराच बांधता येतो. उलटी ही मुख्य तक्रार असलेल्या मधुमेही रुग्णांना सर्वाधिक. पोटदुखी हीच मुख्य तक्रार असेल तर यंत्राकडून फार अपेक्षा ठेवू नये, आणि अफूवर्गीय वेदनाशामके चालू असतील तर आधी ती सोडवणे हाच उपचार असू शकतो. काही केंद्रांत कायमचे यंत्र बसवण्याआधी तोंडातून किंवा नाकातून तात्पुरती लीड जठरात घालून काही दिवस चाचणी घेतली जाते.

धोके शस्त्रक्रियेचे आणि परक्या वस्तूचे. खिशात जंतुसंसर्ग झाला तर प्रतिजैविकांनी सहसा भागत नाही, संपूर्ण यंत्र काढावे लागते. लीड सरकते, क्वचित अस्तर भेदून जठरात उतरते, किंवा आतडे तिच्याभोवती अडकते. बारीक झालेल्या रुग्णांत यंत्राची कड कातडीखाली टोचते. डायथर्मी, म्हणजे फिजिओथेरपीत दिला जाणारा उच्च वारंवारतेचा शेक, अशा रुग्णाला कधीही देता कामा नये. एमआरआय करण्यापूर्वी यंत्राचे मॉडेल कोणते आणि त्याला शरीराच्या कोणत्या भागाचा स्कॅन चालतो, हे तपासावेच लागते.

दरम्यान दुसरे मार्गही पुढे आले आहेत. एंडोस्कोपमधून पायलोरसचा स्नायू आतून छेदण्याची जी-पोएम ही प्रक्रिया २०१३ मध्ये पहिल्यांदा माणसावर झाल्याचे प्रसिद्ध झाले आणि आता ती भारतातही होते. ती अन्नाची वाट मोकळी करते, म्हणजे यंत्र जे करत नाही नेमके ते. काही शल्यचिकित्सक एकाच वेळी पायलोरस मोकळा करून यंत्रही बसवतात. कान किंवा मानेच्या त्वचेवरून व्हेगस मज्जेला उद्दीपित करणारी, शस्त्रक्रिया न लागणारी साधने लहान अभ्यासांत आशादायक वाटली असली, तरी त्यांच्यावर विसंबण्याइतका पुरावा जमलेला नाही. न्यूझीलंडमध्ये विकसित झालेल्या एका तंत्रात पोटावर ६४ इलेक्ट्रोडांची पट्टी चिकटवून जठराच्या लहरींचा नकाशा काढतात. त्यावरून कोणाची लय बिघडली आहे आणि कोणाची शाबूत आहे, हे कळते आणि पुढे कदाचित यंत्रासाठी योग्य रुग्ण निवडणे सोपे होईल.

असा निर्णय समोर असलेल्या कुटुंबाने शस्त्रक्रियेआधी निदान महिनाभर रोजच्या उलट्या, मळमळीचे तास, खाल्लेले प्रमाण, वजन आणि साखर वहीत लिहून ठेवावी, कारण नंतरची तुलना स्कॅनशी नसून या नोंदींशी करायची असते. गुण आला तरी तो पहिल्याच आठवड्यात येईल असे नाही. मापन ठरावीक भेटींमध्ये हळूहळू वाढवले जाते आणि पुरेसे महिने देऊनही फरक पडला नाही तर यंत्र बंद करून पाहतात. म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न केवळ शस्त्रक्रिया कोण करणार एवढाच नाही. प्रोग्रॅमर हाताळणारा प्रशिक्षित माणूस आपल्या शहरात आहे का, दर भेटीचा खर्च किती आणि काही वर्षांनी बॅटरी संपल्यावर नवे यंत्र कोठून व कितीला मिळणार, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.